चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या वऱ्हाडात एखाद्याने घर घेतले असे कळले, की लोक विचारतात, ‘किती खोल्यांचं?’ आणि गाडी घेतली म्हटले, की विचारतात, ‘केवढ्याची?’ २०२४ सालच्या दसऱ्यानंतर मी अशी एक वस्तू घेतली, की तिच्याबाबत लोकांनी हे दोन्ही प्रश्न विचारले, आणि दोन्हींची उत्तरे ऐकून ते हसले. खोली एकच, तीही पाच फुटांची. किंमत ९५,००० रुपये. इंग्रजीत अशा फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. हे नाव आमच्या गाडीला जरा मोठेच होते, पण काम ती तेच करते. दिवसा चालते, आणि रात्री तिच्यात म्हातारे माणूस पाय पसरून झोपू शकते. आपणांपैकी कुणाच्या मनात असा विचार घोळत असेल, आणि खिसा माझ्यासारखाच असेल, तर ही हकिकत उपयोगी पडावी म्हणून सांगतो.

आधी खिशाविषयी. मी अर्थशास्त्राचा एम. ए., वय पंचेचाळीस, आणि अकोल्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना हे तत्त्व ठाऊक नाही ते सुखी आहेत. तास घ्यावा, त्याची नोंद व्हावी, देयक वर जावे, आणि मग मृगाच्या पावसाची वाट पाहावी तशी मानधनाची वाट पाहावी. मागणी आणि पुरवठा मी वर्गात शिकवतो. घरात तो विषय सौभाग्यवतींकडे आहे. पेपर तपासणीचे साठलेले पैसे आणि दर्यापूरकडच्या चार एकरांचा मक्ता, असे मिळून दीड लाख रुपये आम्ही बाजूला काढले होते. ‘ह्याच्या वर एक रुपया नाही,’ असे मला घरून बजावण्यात आले.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर माझ्या आईसाठी. तिची सत्तरी उलटली आहे, गुडघे गेले आहेत. एस. टी.ची पायरी तिला चढवत नाही, आणि तासभर पाय लोंबकळले की ते सुजतात. तिचे एकच मागणे होते : ‘बापू, मले एक डाव बहिरमले ने.’

बहिरमची यात्रा आपल्याला माहीत असेलच. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, २० डिसेंबरच्या सुमाराला ती सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. पूर्वी लोक तेथे दर्शन घेऊन लगेच परतत नसत. दमण्या आणि रेंग्या जुंपून बिऱ्हाडासकट येत, राहुट्या ठोकत, गोवऱ्यांवर रोडगे भाजत आणि वांग्याच्या भाजीवर ताव मारत चार-चार दिवस राहत. माय नवी नवरी असताना अशीच दमणीतून गेली होती. वाटेत मुक्काम, बैलांना वैरण, वर ताडपत्रीचे छत. भाड्याची मोटार करून सकाळी जाणे आणि संध्याकाळी येणे तिला नको होते. मुक्काम हवा होता.

तेव्हा फिरते घर ही काही साहेबाचीच कल्पना आहे असे समजू नये. इंग्लंडात डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली हौसेच्या प्रवासासाठी दोन घोड्यांचे फिरते घर मुद्दाम बांधवून घेतले, आणि तिकडच्या मंडळींनी १९०७ मध्ये त्यासाठी क्लबही काढला. पण कारवाँ हा मूळ शब्द तांड्याचा. आणि तांडा म्हणजे काय हे वऱ्हाडाला कुणी सांगायला नको. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, तोवर या मुलखातला माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतूनच हलत होता. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रांत तयार कॅराव्हॅनची चित्रे आली होती. ती पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘आपल्या घरात नाही एवढी सोय!’ विषय तेथेच मिटला.

माझ्या मेव्हण्यांनी अमरावतीहून निरोप धाडला, की एक ‘तयार’ गाडी विकाऊ आहे. मी गेलो. शाळेची जुनी मिनीबस होती. बाके काढून कुणीतरी आत संसार थाटला होता. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, लाकडी पलंग, नळ असलेले छोटे मोरीपात्र, छताला शंभर लिटरची पाण्याची टाकी, आणि एका कोपऱ्यात आरसा. किंमत एक लाख चाळीस हजार. मला वाटले, माय या पलंगावर निजेल, मुलगी त्या आरशात वेणी घालील. आपण काय घेतो आहोत हे विसरून माणूस कोण बसेल तेच पाहू लागला, की त्याची फसगत जवळ आली म्हणून समजावे. मी ५,००० रुपये विसार देऊन मोकळा झालो.

माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांचा मिस्तरी आहे. माझ्या विषयात तो दोनदा नापास झाला होता. पण त्या दिवशी परीक्षा माझी होती. दुसऱ्या खेपेला त्याला बरोबर नेले. त्याने आत पाऊलही टाकले नाही. गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला, पेचकस काढला आणि दाराखालच्या पट्टीवर टेकवून दाबला. पेचकस आरपार गेला. मग खिशातून एक लोहचुंबक काढून पत्र्यावरून फिरवला. कुठे चिकटे, कुठे गळून पडे. जिथे पडे तिथे पत्रा उरलाच नव्हता. पुट्टी भरून वर रंग दिला होता. बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, ‘सर, घर बेस हाये. पन गाडी नाही हाये.’

त्या एका वाक्यात मला माझ्या आजोबांची आठवण झाली. ते जुनी दमणी घ्यायला जात, तेव्हा छत, रंग, घुंगरे यांकडे ढुंकून पाहत नसत. आधी चाकाचे आरे हलवून बघत. मग लोखंडी धाव दगडाने ठोकून कान देत. उन्हाळ्यात लाकूड आटले की धाव सैल होते, आणि सैल धावेचा आवाज बद्द येतो. छत काय, घरी कामट्या वाकवूनही होते. मी एम. ए. होऊनही पडद्यांना भुललो होतो.

शिवाय टाकीचे गणित. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटर म्हणजे क्विंटलभर ओझे, तेही डोक्यावर. वळणावर ते सगळे एका अंगाला धावणार. परतवाड्यापुढे घाट लागला असता तर काय झाले असते, हे आता आठवावेसे वाटत नाही.

पण खरा खड्डा कागदांत होता. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहिला. गाडी अजून शाळेची बस म्हणूनच नोंदलेली. अशी प्रवासी वाहने आठ वर्षांची झाली, की दरवर्षी त्यांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते दोन वर्षांपूर्वीच संपलेले. कर थकलेला. कर्ज देणाऱ्या पेढीचा बोजाही चढलेला. आणि आत जो संसार थाटला होता त्याची कुठेच नोंद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ रूप आपल्या मनाने बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी ह्याच गोष्टीवर बोट ठेवणार.

विसारातले २,००० परत मिळाले, ३,००० गेले. विकणाऱ्याशी हुज्जत घातली नाही. घरी मात्र त्या तीन हजारांचा हिशेब अजून चालू आहे.

त्यानंतर मी शोधाची दिशाच बदलली. घर शोधायचे सोडले आणि गाडी शोधू लागलो. मिस्तरीनेच अकोल्यात एक मारुती ओम्नी सुचवली. २०१३ ची, आठ आसनांची, एकाच मालकाची. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले. पण तिचे सुटे भाग आमच्याकडे मिळतात, आणि आडगावचा मिस्तरीसुद्धा ते इंजिन उघडू शकतो. स्वस्तातल्या पहिल्या गाडीत ही मोठीच जमेची बाजू. आठ आसनांची मुद्दाम, कारण तीत मागची दोन बाके समोरासमोर असतात. ते का, ते पुढे सांगतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर, न सांगता जावे. आम्ही गेलो तेव्हा इंजिन गार होते. मिस्तरीने आधी हात लावूनच पाहिले. विकणारा गाडी तापवून ठेवतो, ती आजार झाकण्यासाठी. गार इंजिन एका दमात सुरू व्हावे. धूर निळसर आला तर इंजिन ऑइल खाते आहे. काळा आला तर पेट्रोल जास्त जळते आहे. पांढरा आणि न थांबणारा आला तर पाणी आत शिरते आहे. ऑइलचा गज काढून पाहावा; त्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर राम राम करून परतावे. टायरवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसो, आमच्या उन्हात जुने रबर कडक होऊन तडकते. या गाडीचे चारही टायर जुने होते, हे बरेच झाले. त्या एका गोष्टीवर किंमत ८,००० नी उतरली.

आणि चालवून पाहताना अकोला-अमरावती महामार्गावर नेऊ नये. त्या रस्त्याच्या एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि गिनीजच्या बुकात गेला. इतक्या गुळगुळीत रस्त्यावर कोणतीही गाडी गुणीच वाटते. आम्ही तिला खेड्याच्या खडबडीत वाटेने नेले. पुढून खडखड आली. बुश गेलेले होते. ते आधी कळले म्हणून हिशेबात धरता आले.

हिशेब सांगतो. गाडी ९५,०००, टायर, बुश, ब्रेक, रेडिएटरच्या नळ्या आणि दाराची रबरे मिळून २८,०००, नाव बदलणे आणि विमा धरून आणखी काही हजार. दीड लाखाला दीड लाखाची गाडी घेतली असती, तर ती पहिल्याच महिन्यात अंगणात उभी राहिली असती. जुन्या गाडीला तिसरा हिस्सा मागे ठेवावाच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ही गाडी २०२८ मध्ये तपासणीला न्यावी लागेल. २०२२ च्या एप्रिलपासून त्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, आणि वर पर्यावरण कर. तोही आम्ही भावात दाखवला.

व्यवहाराच्या दिवशी नमुना २९ आणि ३० यांवर विकणाऱ्याच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात. चेसिसचा क्रमांक कागद ठेवून पेन्सिलने उमटवावा आणि नोंदणीपुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडावा. गाडी दुसऱ्या कार्यालयाची असेल, म्हणजे आपण अकोल्याचे ३० वाले आणि ती अमरावतीची २७ वाली, तर तिकडचा ना हरकत दाखलाही लागतो. घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे असते, आणि विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते. ‘नंतर करू’ म्हणून विकणाराही सुटत नाही. नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. अपघाताची भरपाई त्याच्याच दारात येते.

आता घराचे. मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांमध्ये जी पाय ठेवायची जागा असते, तीत बाकांच्या उंचीची एक लाकडी पेटी बसवली. बसवली म्हणजे नुसती ठेवली. एक स्क्रू मारलेला नाही. पेटीत भांडी आणि पांघरुणे. वर गादी टाकली, की बाक, पेटी, बाक असा सलग पाच फुटांचा बिछाना. माय पाच फुटांच्या आतच आहे. गाडी चालू करण्याआधी गादी गुंडाळायची, पेटी खाली उतरवून मागे बांधायची. चालत्या गाडीत कुणी आडवे व्हायचे नाही. थकली की थांबायचे, हा आमचा नियम. आम्ही बाकीचे राहुटीत.

गाडीत गॅस पेटवायचा नाही, हेही ठरलेले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली तळाशी साचतो आणि वास नाकाशी येईतो उशीर होतो. शेगडी बाहेरच. ओम्नीला पुढे नाक नाही. धडक थेट पायांवर येते. म्हणून साठाच्या वर काटा न्यायचा नाही. इंजिन पुढच्या आसनाखालीच, त्यामुळे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी ती चूल होते. उन्हाळ्यात निघायचे ते पहाटे. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाक उतरवायचे नाही. एकदा उतरवले होते. बैलजोडीने बाहेर काढले.

जानेवारीत आम्ही निघालो. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा. वाटेत तीन ठिकाणी थांबलो. मायने दोनदा पाय पसरले, तिसऱ्यांदा नुसता चहा घेतला. बहिरमला राहुटी ठोकली, गोवऱ्या पेटवल्या. सौभाग्यवतींना रोडगे जमेनात. मायने गाडीच्या दारात बसूनच कणीक कशी दाबायची ते सांगितले. सातपुड्याची थंडी झोंबत होती. सरकती दारे हातभर उघडी ठेवून, मच्छरदाणी लावून तिला निजवले.

मध्यरात्री पाहायला गेलो. अर्धवट झोपेत तिने विचारले, ‘बैल सोडले का रे?’

मी म्हटलं, ‘सोडले, माय. वैरण टाकली.’

आता ती माहूरला जाऊ म्हणते. मिस्तरी म्हणतो, त्या चढाआधी क्लच-प्लेट पाहून घ्या, सर. तपासणीचे पेपर आले, की त्या पैशांत ते काम करायचे आहे.