जयपूरची ‘रोशनी’
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी व्यक्ती समोर बसल्या आहेत. माझी नोकरी केंद्र सरकारची, म्हणजे बदलीची. गावे पुष्कळ पाहिली, पण दिवाळीच्या संध्याकाळी केवळ दिवे पाहण्यासाठी घराबाहेर पडणारे गाव पाहिले ते हेच. त्या फेरीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

इथला माणूस त्याला नुसते ‘रोशनी देखना’ म्हणतो. धनत्रयोदशीपासून जुन्या शहरातले बाजार उजळतात आणि सारे कुटुंब, आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत, परकोट्याच्या आत पायी हिंडते. खरेदी झाली तर झाली. ही रोषणाई एकट्या दुकानदाराची नसते. प्रत्येक बाजाराचे व्यापार मंडळ ती सामूहिक रीतीने उभारते आणि शेजारच्या बाजाराशी त्याची चढाओढ असते. आपल्याकडे दिवाळीचा दिवा हा घराचा. आकाशकंदील आपल्या दारावर, पणत्या आपल्या उंबऱ्यावर. सार्वजनिक दिवा म्हणावा तर तो देवळाचा. जेजुरीच्या पायऱ्यांवरच्या दीपमाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अख्ख्या रस्त्याने मिळून एक आरास करायची, ही बाजाराची दिवाळी मला इथे प्रथम दिसली.

सांगानेरी दरवाज्यातून आत शिरावे. समोर जोहरी बाजार सरळ बडी चौपडपर्यंत जातो. सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसविलेल्या ह्या नगराचे मुख्य रस्ते शंभर फुटांहून अधिक रुंद आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांचे दर्शनी भाग एकाच मापाने बांधलेले. दिव्यांच्या माळेला अशी सरळ कड मिळाली की ती कोठे तुटत नाही. नजर थेट चौपडीपर्यंत पोहोचते. निम्मे श्रेय विद्युद्दीपांचे असेल, पण उरलेले निम्मे विद्याधर भट्टाचार्यांच्या आखणीचे. रामसिंहांच्या काळात ह्याच रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहराला गुलाबी रंग दिला गेला. तो रंग प्रत्यक्षात गेरूच्या अंगाचा आहे. पिवळ्या उजेडात तो भाजलेल्या विटेसारखा ऊबदार दिसतो. अलीकडच्या निळ्या आणि जांभळ्या, उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांखाली मात्र भिंत पार मरून जाते. व्यापारी बंधूंना हे कुणीतरी सांगावयास हवे. मी सांगून पाहिले. त्यांनी चहा पाजला.

बडी चौपडला उजवीकडे न वळता चार पावले पुढे गेले की हवामहल. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी तो बांधविला. ९५३ खिडक्यांचा हा पडदा आतून रस्ता दिसावा आणि रस्त्यावरून आतले कोणी दिसू नये म्हणून उभारलेला. बाहेरून प्रकाश टाकला की त्याचा प्रत्येक झरोका आपल्या पोटात थोडा अंधार राखून ठेवतो. हेच प्रतापसिंह १७८७ साली तुंगा येथे महादजी शिंद्यांशी लढले. महादजींना माघार घ्यावी लागली आणि १७९० साली पाटणच्या लढाईत त्यांच्या फौजेने त्याची भरपाई केली. दोघेही कृष्णभक्त, दोघेही कवी. प्रतापसिंह ‘ब्रजनिधि’ ह्या नावाने लिहीत.

तेथून मागे येऊन त्रिपोलिया बाजाराकडे वळावे. वाटेत उजव्या हाताला, घरांच्या रांगेमागून, सात मजल्यांची ईसरलाट डोके वर काढते. ईश्वरीसिंहांनी १७४९ साली उभारलेला हा विजयस्तंभ. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, खंडणीच्या तगाद्यासाठी मल्हारराव होळकरांचे सैन्य जवळ येत असल्याचे ऐकून ह्या राजाने विष घेऊन प्राण दिला. आणि जानेवारी १७५१ मध्ये मराठ्यांचे लोक हे नवे, नावाजलेले शहर पाहावयास आणि खरेदी करावयास दरवाज्यांच्या आत आले असता नागरिक त्यांच्यावर तुटून पडले. सहस्रावधी माणसे मारली गेली. यदुनाथ सरकारांनी तो प्रसंग तपशिलाने लिहून ठेवला आहे.

बंधुभगिनींनो, सणाच्या दिवशी हा विषय का काढला, असे कुणाला वाटेल. आपली मुले इथल्या शाळांत शिकतात. वर्गात हा इतिहास निघतो आणि बाकावरची दहा मुले वळून आपल्या आडनावाकडे पाहतात. घरी येऊन मूल विचारते, ‘बाबा, आपण इथे लुटायला आलो होतो का?’ त्यावर अटकेपार झेंडे लावल्याचा धडा ऐकवून गप्प करणे सोपे आहे. मला ते पसंत नाही. मुलाला ईसरलाटेखाली उभे करावे आणि दोन्ही गोष्टी सांगाव्यात: आपल्या फौजांनी ह्या प्रजेला पैशासाठी किती पिळले ते, आणि केवळ शहर पाहावयास आलेली माणसे ह्याच रस्त्यांवर कशी पडली तेही. आज त्याच रस्त्यावरून मुलाचा हात धरून आपण दिवे पाहत जातो, गर्दीत मराठीत हाका मारतो, आणि कोणी वळूनही पाहत नाही. हे न पाहणे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपण दिवाळीचा फराळ सभागृहात करतो, तो करावाच. परंतु यंदा धनत्रयोदशीस संध्याकाळी सात वाजता सांगानेरी दरवाज्याशी जमावे. जोहरी बाजार, हवामहल, त्रिपोलिया, छोटी चौपड आणि किशनपोल बाजारातून अजमेरी दरवाजा, अशी फेरी आहे. त्या दिवसांत आत वाहनांना बंदी असते, म्हणून गाड्या दूर ठेवून यावे. ज्येष्ठांसाठी दर दुकानाच्या पायरीवर बसण्याची सोय असतेच. दुकानदार उठवीत नाहीत. मुलांनी घरी केलेले आकाशकंदील काठीला बांधून बरोबर आणावेत. मेणबत्ती नको, लहान विजेरी चालेल. ईसरलाटेपाशी पंधरा मिनिटे थांबू. बोलण्याचे काम माझ्याकडे राहू द्या.