दुसऱ्याचें गाणें, आपला गळा

एखाद्या नामांकित गायकाचें पद निवडून, तें आपल्या आवाजांत मुद्रित करून चांचणीसाठीं पाठविण्याचा प्रसंग हल्लीं पुष्कळ तरुण-तरुणींवर येतो. त्या तयारीविषयीं चार शब्द सांगावेत असा आजचा विचार आहे.

दुसऱ्याचें गाणें म्हणण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा उल्लेख छापलेला असे. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'स्वयंवर' नाटकांतील कित्येक पदांना भास्करबुवा बखले यांनीं ज्या चाली दिल्या, त्यांच्या मुळाशीं रागदारी बंदिशीच होत्या. तेव्हां उसनवारी आपल्याकडे जुनी आहे. प्रश्न एवढाच, कीं उसनें काय घ्यावयाचें?

माझीच फजिती सांगतों. तरुणपणीं एका चांचणीकरितां मीं एक नाट्यपद निवडलें. वडिलांच्या संग्रहांत त्याची ७८ फेऱ्यांची तबकडी होती. महिनाभर ती लावून गायकाची एकूणएक जागा मीं गिरविली. शेवटच्या तानेनंतर तो गायक एकदम मुखड्यावर येई आणि गाणें घाईनें संपे. मला ती घाई मोठी बहारीची वाटे. तीही मीं हुबेहूब उचलली. माझी ध्वनिफीत ऐकून परीक्षकांनीं एवढेंच विचारलें, "अहो, शेवटीं आपणांस गाडी गांठावयाची होती काय?" त्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांहून फारसें अधिक मावत नसे. जागा संपत आली म्हणून त्या बिचाऱ्यानें गाणें आवरतें घेतलें होतें. त्याची अडचण मीं कला समजून पाठ केली! माझी निवड झाली नाहीं, हें सांगावयास नकोच.

तेव्हांपासून शिकणाऱ्यांना मी एक क्रम सांगत आलों आहें. मूळ मुद्रिका आठ दिवस मनसोक्त ऐकावी व मग कपाटांत ठेवून द्यावी. प्रथम पदाचे शब्द नुसते मोठ्यानें वाचावेत, आणि अर्थ जेथें विसावतो तेथें पेन्सिलीनें श्वासाची खूण करावी. मूळ गायकाचा दमसांस त्याचा, आपला आपल्यापाशीं. नंतर पट्टी ठरवावी. पुरुषांचा गळा सामान्यतः काळी एक-दोनच्या व स्त्रियांचा काळी चार-पांचच्या आसपास लागतो. पण हा केवळ ठोकताळा. पदांतील सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर जींत स्वच्छ लागतो, ती आपली पट्टी. मुद्रिकेशीं सूर जुळावा म्हणून गळा ताणणें म्हणजे आपल्याच आवाजाशीं वैर करणें होय. पुढचा सर्व सराव तंबोऱ्यावर करावा. तबकडीच्या बरोबरीनें गाणाऱ्याला आपले ढळलेले सूर ऐकूंच येत नाहींत. जी हरकत सहज निघत नाहीं ती सोडून द्यावी. तेथें सरळ सूर ठेवल्यानें पदाचें कांहीं बिघडत नाहीं.

मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद असावा. गाद्या, पडदे, पुस्तकें असलेली खोली बरी. उघड्या भिंती आवाज परत फेंकतात. ध्वनिग्राहक, मग तो खिशांतल्या मोबाइलमधला कां असेना, तोंडापासून हातभर दूर व किंचित् बाजूला ठेवावा, म्हणजे 'प' आणि 'फ' यांचे फटके बसत नाहींत. पद सलग म्हणावें. तीन वेळां मुद्रण पुरे. थकलेल्या गळ्याकडून चौथ्यानें अधिक मिळत नाहीं. निवड दुसऱ्या दिवशीं सकाळीं, ताज्या कानांनीं करावी. आपला आवाज ऐकून प्रथम दचकावयास होतें. गातांना तो आपणांस हाडांतूनही ऐकूं येतो, मुद्रणांत केवळ हवेंतून. म्हणून तो पातळ भासतो. लोकांना मात्र नेहमीं तोच ऐकूं येत असतो.

मध्यंतरीं तेंच पद मीं घरीं पुन्हां म्हटलें. शेवटची तान घेतली, थांबलों आणि मुखड्यावर सावकाश आलों. साडेचार मिनिटें लागलीं. त्या गायकाला तबकडीनें जें एक मिनिट नाकारलें, तें तरुणपणींही माझ्यापाशीं होतें. वापरावयाचें मात्र सुचलें नव्हतें.