विमानाचा भाग आणि पान्याची जागा

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

हिंगणा म्हटलं की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहतो. आमच्या एमआयडीसीतल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपची चूल अशाच मोठ्या कारखान्यांच्या सुट्या भागांवर पेटली. असंच एक मशीन शॉप मीही तिथे चालवतो. अलीकडे आमच्याकडे विमानाच्या सुट्या भागांची विचारणा होऊ लागली आहे, आणि हे काम नेमकं कुठे अडतं, ते आज सांगायचं आहे.

कारण उघड आहे. शेजारी मिहानमध्ये बोइंग ७८७ साठी कार्बन तंतूंचे फ्लोअर बीम, म्हणजे प्रवाशांच्या पायाखालच्या जमिनीला पेलणाऱ्या तुळया, तयार झाल्या. दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी २०१७ साली झाली. तिथे फाल्कन २००० या विमानाच्या नाकाकडचे भाग बनू लागले. जून २०२५ मध्ये तर अख्खं फाल्कन २००० नागपुरात जोडण्याची घोषणा झाली, आणि पहिल्या विमानासाठी २०२८ साल ठरवण्यात आलं. लोक मला विचारतात, "भाऊ, आता हिंगण्याचे दिवस पालटणार ना?" मी म्हणतो, मशीन आहे, हात आहेत; पण ड्रॉइंग काढणारा, भाग कापणारा आणि तो जोडणारा, हे तिघं एकमेकांशी बोलतात का, ते आधी बघा.

एक अनुभव सांगतो. बाहेरगावच्या एका कंपनीकडून अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. आतले चारही कोपरे अगदी काटकोनात. आता मिलिंगचं कटर असतं गोल. गोल कटरने आतला कोपरा चौकोनी कसा निघणार? निदान कटरच्या त्रिज्येइतकी गोलाई तिथे राहणारच. बारीक कटर घ्यावं, तर खोल जागेत ते थरथरतं आणि पृष्ठभाग खराब होतो. शिवाय विमानाच्या भागाला धारदार कोपरा मुळात नकोच, तडा तिथूनच जायला लागतो. आम्ही लेखी विचारणा केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ड्रॉइंगप्रमाणे करा. शेवटी त्यांच्याच जोडणी विभागातल्या एका फिटरशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, "अहो भाऊ, त्या कोपऱ्यात काहीच बसत नाही, गोलाई राहू द्या की! पण बाजूच्या बोल्टला पाना लावायला जागा नाही, ते कोण बघणार?"

त्या फिटरला डिझाइनच्या बैठकीत कुणी बोलावलंच नव्हतं. पुढे रीतसर दुरुस्ती होऊन सुधारित ड्रॉइंग आलं. तोवर आमचं मशीन दुसऱ्या कामाला लागलं होतं.

हा प्रकार फक्त छोट्यांकडे होतो असं समजू नका. २००६ साली एअरबसच्या ए-३८० चं काय झालं? जर्मनीत हॅम्बुर्गला केलेल्या तारांच्या जुड्या फ्रान्समध्ये तुलूझला विमानात बसवायला घेतल्या, तर त्या आखूड पडल्या. दोन्हीकडे डिझाइनचं सॉफ्टवेअर एकाच नावाचं, पण आवृत्त्या वेगळ्या. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त तार! विमानं ग्राहकांच्या हाती द्यायला मोठा उशीर झाला. प्रत्येक जुडी बनवणाऱ्याने आपलं काम बरोबरच केलं होतं, हे लक्षात घ्या.

आमच्याकडे आणखी एक पाहुणा असतो, नागपूरचा उन्हाळा. मोजमापाचं जगमान्य तापमान आहे २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात शेडमध्ये ४५ अंश असताना एक मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढलेला असतो. अनेक ठिकाणी चूक चालते ती ०.०५ मिलिमीटरची, साधारण माणसाच्या केसाएवढी. गरम भाग बरोबर मोजून पाठवला, तरी तो थंड खोलीत लहानच भरणार. कार्बन तंतूंचा बीम मात्र उष्णतेने जेमतेम हलतो. मग धातू आणि कार्बन जिथे एकत्र येतात, त्या सांध्यावरचं भोक कुणी, कधी आणि कोणत्या तापमानाला पाडायचं, हे डिझाइनच्या टेबलावरच ठरायला हवं. मशीनवर उभ्या असलेल्या पोराने ते ठरवायचं नसतं. आणि एकापुढे एक दहा भाग जोडायचे असले, तर प्रत्येकी ०.०५ ची सूट मिळून अर्धा मिलिमीटर होते. मग शेवटचा बोल्ट भोकात जात नाही आणि फिटर कानस शोधतो. विमानात परवानगीशिवाय कानस चालत नाही!

म्हणूनच, नुसत्या तासाच्या दराने जॉबवर्क घेऊन हिंगण्याचं भागणार नाही, असं माझं मत आहे. दर तासाला शंभर रुपये कमी म्हणणारा कुणीतरी उद्या भेटतोच. तयार जोडलेला संच देऊ शकणाऱ्याला मात्र सहज बदलता येत नाही. पण त्यासाठी गार खोली हवी, मोजणीचं यंत्र हवं, कच्च्या मालाच्या प्रत्येक लादीचा कागद जपायला हवा. एकट्या छोट्या शॉपला हे झेपत नाही. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी मिळून मोजणीची एकच खोली करायचं ठरवलंय. आयटीआयमधून नुकताच आलेला एक फिटरही तिथे बसवणार आहोत. ऑर्डर घेण्याआधी ड्रॉइंग त्याच्यासमोर ठेवायचं आणि विचारायचं, "पाना कुठून लावशील?"