नदीची फिर्याद कोणी लिहावी?



वीजकेंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. धूर दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. पाणी मात्र कुंपणाच्या मागल्या अंगाने निघून जाते. वास्तविक कोळशावर चालणारे केंद्र जितके आगीचे, तितकेच पाण्याचे. वाफ निववायला पाणी, आणि जळलेल्या कोळशाची राख वाहून न्यायलाही बहुधा पाणीच. ही कालवलेली राख तलावात सोडतात. राख तळाशी बसते आणि वरची निवळी नदीला जाते, अशी योजना. राखेत आर्सेनिक, सेलेनियम अशी द्रव्ये असतात, आणि ती सगळीच तळाशी थांबतात असे नव्हे. म्हणून परवाना लागतो : कोणत्या तोंडातून, किती आणि कसल्या गुणाचे पाणी सोडावे. त्याबाहेर जे वाहते ते उल्लंघन. ते कळवायचे कोणी, आणि कळवल्यावर होते काय, एवढेच आज आम्ही पाहणार आहोत.

उदाहरण अमेरिकेतले घेतो, कारण त्याचे सगळे कागद न्यायालयापुढे आले. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ईडन गावापाशी, डॅन नदीच्या काठी, ड्यूक एनर्जी कंपनीचे केंद्र होते. 2012 साली ते बंद झाले. राख तलावातच राहिली. तलावाच्या पोटाखालून पावसाचे पाणी नेणारा 48 इंच व्यासाचा जुना पत्र्याचा नळ गेला होता. 2 फेब्रुवारी 2014 रोजी तो खचला. सुमारे 10 कोटी लिटर राखेचे पाणी आणि 39,000 टनांपर्यंत राख नदीत गेली; राखेचा थर सुमारे 110 किलोमीटर खालपर्यंत सापडला.

आता, हे अकस्मात घडले काय? नव्हे. केंद्रातल्याच मंडळींनी 2011 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये नळात कॅमेरा घालून तपासणी करण्यासाठी पैसे मागितले होते. खर्च होता सुमारे 20,000 डॉलर. मागणी दोन्ही वेळा नामंजूर झाली. पुढे मे 2015 मध्ये कंपनीच्या शाखांनी नऊ गुन्ह्यांची कबुली दिली आणि 10 कोटी 20 लाख डॉलर भरले. हिशेब ज्याचा त्याने करावा!

बाहेरूनही सूचना गेली होती. तिकडच्या 1972 च्या जलकायद्याने नागरिकाला उल्लंघन करणाऱ्यावर थेट दावा लावता येतो; मात्र आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत सरकारने स्वतः दावा लावून तो नेटाने चालवला तर नागरिकाला बाजूला व्हावे लागते. 2013 साली पर्यावरणवादी संस्थांनी ड्यूकच्या राखतलावांबद्दल अशा नोटिसा दिल्या आणि सरकार लगबगीने पुढे आले. दोन केंद्रांपुरती तडजोड ठरली ती 99,111 डॉलरांची, तीही राख हलवण्याच्या सक्तीवाचून. डॅन नदीत राख गेल्यावर ती तडजोड मागे घ्यावी लागली. ज्या कलमाने नागरिकाच्या हाती काठी दिली, त्यातच ती काढून घेण्याचीही सोय आहे. आमच्या मते हा त्या कायद्याचा मोठा उणेपणा आहे.

तरी बघणारे डोळे फुकट जात नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉटरकीपर अलायन्स या संस्थेने विमानातून केप फिअर येथील तलावांची छायाचित्रे घेतली. तेथे पंप लावलेले दिसले. थोड्याच दिवसांत सरकारने कंपनीवर ठपका ठेवला, की सुमारे 23 कोटी लिटर पाणी परवान्याविरुद्ध उपसले गेले. कंपनीचे म्हणणे पडले, ही तर नेहमीची देखभाल!

आपल्याकडेही हे परके नाही. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा अतिवृष्टीत फुटला. आपला जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. त्याच्या 21 व्या कलमात पाण्याचा नमुना कसा घ्यावा हे सांगितले आहे : मंडळाच्या माणसाने कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावे, मोहोर लावावी, दोघांनी सह्या कराव्या. याविना घेतलेल्या नमुन्याचा निष्कर्ष कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा आपण रॉकेलच्या जुन्या बाटलीत भरून नेलेले काळे पाणी साहेबांच्या टेबलावर ठेवले, तर ते टेबलावरच राहायचे.

मग नागरिकाने काय करावे? मंडळाच्या माणसाला वेळेवर नदीवर आणावे. त्यासाठी तक्रार नेमकी हवी. “नदीचा नाश झाला” असे लिहून कोणी उठत नाही. तारीख, वेळ, कोणता काठ, कोणत्या नळाचे तोंड, पाण्याचा रंग, तोंडाच्या वर पाणी कसे आणि खाली कसे, हे लिहावे, छायाचित्र जोडावे, पोच घ्यावी. राखतलावाच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला 100 मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असे प्रमाण ठरले आहे. ते ठाऊक असलेल्याचे पत्र वेगळे दिसते. शिवाय त्याच कायद्याच्या 25 व्या कलमान्वये मंडळाला दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि संबंधित व्यक्तीला ती कचेरीच्या वेळात पाहता येते. ती मागायला वकील लागत नाही. “कशाला हवी?” असे विचारतील, नदीचे पाणी पितो, एवढे उत्तर द्यावे, आणि अटी उतरवून घ्याव्या.