कुलूप न फुटता होणारी चोरी

(मैंदर्गी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस समाजोपयोगी विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा विद्यार्थी वसतिगृह किंवा विवाहातील अनाठायी खर्च यांपैकी एखादा नेहमीचा विषय आम्ही घेऊ, अशी मंडळाची समजूत असावी. आम्ही मोटारीच्या चोरीवर बोलणार हे ऐकून चिटणीसांच्या मुद्रेवर उमटलेला भाव आम्ही पाहिला आहे. परंतु या मंडपाबाहेर आज किती गाड्या उभ्या आहेत, ते त्यांनीच मोजावे. त्यांतील बहुतेकींचे हप्ते अद्याप चालू आहेत, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. आणि आम्हांस हा विषय सुचला तो गाडीमुळे नव्हे, एका मुलामुळे सुचला.

आमचे एक आप्त पुण्यास तळमजल्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांची नवी मोटार दारातून नाहीशी झाली. जमिनीवर काचेचा एक तुकडा नाही, रात्री भोंगा वाजल्याचे कोणी ऐकले नाही. किल्ली दाराजवळच्या वाटीत जशीच्या तशी. दुसरी किल्ली होती चालकाजवळ; आणि तो चालक मैंदर्गीचा, आपल्याच समाजातला, आम्हीच शिफारस करून पाठविलेला. कुलूप फुटले नाही त्याअर्थी ते किल्लीने उघडले, आणि किल्ली त्याच्यापाशी होती, असा सरळ हिशेब सर्वांनी मांडला. त्याला तीन दिवस चौकशीसाठी बोलावणे झाले. नोकरी गेली. त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि, "अण्णा, माझ्या लेकाने नेली नाही हो," एवढेच कानडीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आम्ही तिला काय उत्तर द्यावे? आमच्याही मनात शंका होतीच, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो.

पुढे शेजारच्या इमारतीच्या कॅमेऱ्यातील चित्रण मिळाले. दोन इसम, एकजण पिशवी घेऊन आप्तांच्या भिंतीला लागून उभा, दुसरा गाडीच्या दाराशी. थोड्याच वेळात दार उघडले आणि गाडी निघून गेली. मुलगा निर्दोष ठरला. पण तोवर त्याची ठरत आलेली सोयरीक मोडली होती.

हे कसे घडते ते समजून घेऊ. बिनकिल्लीच्या म्हणविल्या जाणाऱ्या गाडीस किल्ली असतेच, फक्त ती खिशातून काढावी लागत नाही. दाराला हात लावताच गाडी एक हाक देते. ही हाक सेकंदाला सुमारे सव्वा लाख कंपनांची असते व ती हात-दोन हातांपलीकडे जात नाही. ती ऐकू आली की किल्ली सेकंदाला सुमारे ४३ कोटी कंपनांच्या लहरींवरून गुप्त सांकेतिक उत्तर देते. किल्लीला हाक ऐकू आली त्याअर्थी धनी जवळच आहे, असे गाडी गृहीत धरते. चोरटे तेवढेच खोटे पाडतात. एकजण गाडीची हाक आपल्या यंत्रात घेतो, ती दुसऱ्याच्या पिशवीतील यंत्राकडे पोचविली जाते, आणि तेथून भिंतीआडच्या किल्लीस ऐकविली जाते. निरोप्याला निरोपातील गुपित कळावेच लागत नाही. एकदा इंजिन सुरू झाले की किल्ली दूर गेली तरी ते बंद पडत नाही. धावती गाडी रस्त्यातच थांबून अपघात होऊ नये, म्हणून कारखानदारांनी ही सोय ठेवलेली असते.

ही विद्या नवी नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ सालीच आठ कारखान्यांच्या दहा गाड्यांवर हा प्रयोग केला, आणि दहाही उघडल्या. त्यापूर्वी युरोपात १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीस, ओळखीच्या किल्लीविना इंजिन चालू न देणारे यंत्र बसविणे सक्तीचे झाले होते आणि तारा जोडून गाडी पळविणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. सोयीच्या लोभाने आपणच दुसरे दार उघडून दिले, असे आमचे मत आहे. बटन दाबून दार उघडण्यात काय मोठे कष्ट होते, ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही. कॅनडात या चोऱ्यांनी इतका उच्छाद मांडला, की फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावा येथे केंद्र सरकारला राष्ट्रीय परिषद भरवावी लागली.

आता आपल्या मैंदर्गीकडे पाहा. येथील जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन हात रुंद, पण किल्ली कोठे? चौकटीलगतच्या खुंटीवर! आणि गाडी उंबऱ्यासमोर रस्त्यावर. चोराला पिशवी घेऊन फार लांब उभे राहण्याचीही गरज नाही.

उपाय भगिनींच्या हाती आहे. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्यावा, रात्री किल्ली त्यात टाकावी, आणि डबा दारापासून दूर, आतल्या खोलीत ठेवावा. धातूच्या बंद आवरणात बाहेरची विद्युत्लहर शिरत नाही, हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्येच दाखविले आहे. मात्र मंद कंपनांची हाक पातळ पत्र्याला वा सैल झाकणाला नेहमीच जुमानते असे नाही, म्हणून डब्याची परीक्षा घ्यावी. किल्लीसह बंद डबा हातात धरून गाडीच्या दाराशी जावे. दार उघडले तर तो डबा पुन्हा लाडवांकडे जाऊ द्यावा. दुसऱ्या किल्लीसही हाच नियम. काही गाड्यांत ही बिनकिल्लीची सोय बंदही करता येते. गाडीसोबतचे माहितीपुस्तक कोणी उघडत नाही, ते या निमित्ताने उघडावे.

परंतु डबा म्हणजे सर्वस्व नव्हे. आधुनिक मोटारीच्या पोटातून नसांसारखी एक सामाईक तार फिरते. दिवे, दारे, इंजिन सारे तिच्यावरून एकमेकांशी बोलतात. ही योजना जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. २०२२ साली लंडनमध्ये एक मोटार चोरीस गेली आणि पुढच्या वर्षी तिचे रहस्य प्रसिद्ध झाले: पुढच्या दिव्याची जोडणी काढून चोरांनी त्या तारेवरच खोटा निरोप घातला होता. किल्लीचा संबंधच आला नाही. काही टोळ्या काच फोडून, दुरुस्तीसाठी ठेवलेल्या जोडणीस यंत्र लावून नवीच किल्ली तयार करतात. दिल्लीत सफदरजंग एन्क्लेव्हमधून जून २०२५ मध्ये एक गाडी काच फोडून व तिची सुरक्षायंत्रणा भेदून अल्पावधीत नेल्याचे चित्रण पुष्कळांनी पाहिले असेल. अशा चोराला विलंब लावतो तो जुनाच सोबती, सुकाणूचक्राला अडकवावयाचा जाड पोलादी दांडा. तो काढावयास वेळ लागतो व आवाज होतो. शक्य तेथे गाडीचे तोंड भिंतीस भिडवून उभी करावी. अक्कलकोटास दर्शनाला जाल तेव्हा दूरचे बटन दाबून तसेच निघू नका. लहरींत अडथळा आणून दार उघडेच राहू देण्याची युक्तीही चोरांस ठाऊक आहे. मूठ हाताने ओढून पाहावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी अधिकृत कार्यशाळेत जाऊन तिच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदल्या आहेत ते विचारावे, आणि आपल्या हातात नसलेल्या पुसून टाकाव्यात.

विम्याविषयी थोडे. केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. चोरी उघडकीस येताच पोलिसांत प्रथम खबर द्यावी आणि कंपनीसही लगेच लेखी कळवावे. पोलिसांना तत्काळ खबर दिली असेल तर कंपनीस कळविण्यातील उशीर एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. पण ती वेळ येऊ का द्यावी? तपास लागला नाही तर न्यायालयाने मंजूर केलेल्या 'अ' समरीची प्रत कंपनी मागते, ती जपून ठेवावी.

आणि दुसरी किल्ली चालकाकडे राहू देऊ नये. दिली तर वहीत तारीख लिहून द्यावी, परत घेताना त्याची सही व आपली सही करावी. कोणास हा अविश्वास वाटेल. आमच्या आप्तांच्या घरी अशी वही असती, तर त्या रात्री दोन्ही किल्ल्या घरातच राहिल्या असत्या, आणि तसे त्या मुलाला दाखविता आले असते.

तो मुलगा आज येथे आहे. पंक्तीचे वाढप त्याच्याकडे आहे म्हणून मंडपात दिसत नाही. भोजनानंतर तो आपली गाडी पटांगणात आणणार आहे, आणि स्वयंपाकघरातून तीन-चार डबे मागून घेतले आहेत. कोणता डबा टिकतो ते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी थांबावे.