जात्यावरची वाणी



आज बोलायचे आहे ते बायांच्या गाण्याविषयी. गाणे म्हटले की कुणाला भजन आठवते, कुणाला तमाशाचा फड, पोरांना सिनेमा. पण आपल्या मुलखातले फार जुने गाणे देवळातही जन्मले नाही आणि फडावरही नाही. ते जन्मले पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी. त्याला बिदागी नव्हती, टाळी नव्हती, समोर बसून ऐकणाराही कुणी नव्हता. तरीसुद्धा मराठी भाषेला वळण लावण्यात त्या गाण्याचा वाटा फार मोठा आहे. तो वाटा आपण त्या बायांच्या पदरात टाकला आहे काय, एवढाच आजचा प्रश्न.

ज्या मुलामुलींनी दळण पाहिलेच नाही, त्यांच्यासाठी आधी जाते सांगते. दगडाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. तोंडात ज्वारी-बाजरीची मूठ मूठ वैरण घालायची आणि खुंटा धरून तळी फिरवायची. आरंभी दगड जड लागतो, खांदे भरून येतात. एकदा का हाताला लय सापडली, की त्या घरघरीतून आपोआप शब्द उमटू लागतात. एक ओळ उचलते, समोरची ती पुढे नेते. पहिली ओवी देवाला, मग आईबापांना, मग भावाला, आणि मग मनात काय साठले असेल ते. हीच आपली जात्यावरची ओवी.

आता ही ओवी किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, तो साधारण 1130 च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी झाली 1290 साली. म्हणजे ज्ञानदेवांच्या आधी दीडशे वर्षांहूनही पूर्वी उखळापाशी ओवी चालू होती! ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ लोकांना सांगायचा ठरवला, तेव्हा संस्कृत श्लोकाचा छंद घेतला नाही. लोकांच्या कानाला जी ओवी ठाऊक होती, तीच घेऊन तिला ग्रंथाचे रूप दिले. आपण ओवीला संतांची म्हणतो. पण बघा, संतांच्या हाती येण्यापूर्वीच ती बायांच्या ओठांवर होती.

त्याच तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. तिला आद्य मराठी कवयित्री मानतात. पुढे गंगाखेडची जनाबाई झाली. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणगोठा हेच तिचे आयुष्य आणि हेच तिच्या अभंगांचे साहित्य. विठ्ठल आपल्यासोबत दळायला बसतो असे ती सांगते. देवाला जात्याशी बसवणे ही केवळ भक्तीची गोष्ट नव्हे. ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हते, त्याचा मान तिने वाढवला.

बिडकीनच्या श्रोत्यांना पैठणचे नाथमहाराज काही वेगळे सांगायला नकोत. नाथषष्ठीची वाट तुमच्याच गावावरून जाते. नाथांचे एक भारूड आहे, त्यात सासुरवासाला कंटाळलेली सून भवानीला नवस बोलते आणि सासरचे एकेक माणूस दूर करायला सांगते. अर्थ अध्यात्माचा आहे खरा, पण ती बोली, तो चिडका लडिवाळपणा पोथीत सापडण्यातला नाही. तो पैठणच्या आळीत, भिंतीपलीकडून ऐकू आला असला पाहिजे.

जात्यावर बायका बोलत तरी काय होत्या? माहेरची वाट, भाऊ न्यायला येईल का, आईची आठवण, लेकराचे कौतुक, पंढरीची वारी. आणि बरोबरीने सासूचा जाच, नवऱ्याचा मार, लेक म्हणून जन्मल्याचे दुःख. चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती, ते ओवीत चालून जाई. सासू अंथरुणावर पडून ऐके, पण ओवीला जाब कसा विचारणार? शिवाय गाणे एका गावात अडकून राहत नव्हते. पुरुष वाडवडिलांच्या गावात राहतो. लेक मात्र लग्न होऊन जाते. जाताना भांडीकुंडी नेते, तशी आईची ओवीही नेते. सासरी जावेला शिकवते, आणि जावेच्या माहेरची आपण शिकते. म्हणून एकच ओवी दोन दूरच्या जिल्ह्यांत, फक्त भावाचे नाव बदलून, भेटते.

1952 हे वर्ष ध्यानात ठेवा. त्या वर्षी बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली. खानदेशातल्या असोद्याची ही शेतकरीण, लिहिणे-वाचणे येत नव्हते, आणि आदल्याच वर्षी ती वारली होती. मुलगा सोपानदेव याने वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. त्याच 1952 साली, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत किटी वेल्स नावाच्या बाईचे एक गाणे तिथल्या ग्रामीण संगीतात पहिल्या क्रमांकावर गेले. तो मान मिळवणारी ती पहिली एकटी गायिका. एका पुरुषाच्या गाण्यात संसार मोडल्याचे खापर बाईवर फोडले होते. हिने गाण्यातूनच उत्तर दिले, की यात पुरुषाचाही हात आहे. एका मोठ्या रेडिओ कंपनीने ते गाणे वाजवायचे नाकारले, तरी लोकांनी ते उचलून धरले. देश निराळा, पण खेड्यातल्या बाईचा अनुभव ओळखीचा. उत्तर द्यायला सभा नव्हती, तेव्हा तिने गाणे धरले.

आणि आपल्या मराठवाड्यात तर याच ओवीने नवा काळ पाहिला. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. 1956 साली धम्मदीक्षा झाली. मग दलित वस्तीतल्या बायांनी जात्यावरची पहिली ओवी बदलली. देवांच्या जागी बुद्ध, धम्म, संघ आणि भीमराया आले. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या अशा ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. चाल जुनी, दगड जुना, पण गाणारी बाई ताठ मानेची. जुने गाणे म्हणजे जुनाट गाणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आता कुणी म्हणेल, “बाई, मग पुन्हा जाती मांडायची का?” छे! दळणाचे कष्ट ज्या बाईने काढले, तिला विचारून बघा. गावात पिठाची चक्की आली तेव्हा तिने सुटकेचा श्वासच टाकला असेल. ते कष्ट परत यावेत असे कुणीही म्हणू नये. जाते गेले ते बरे झाले. मात्र जात्याबरोबर ओवी जाऊ देणे, हे धान्याबरोबर बियाणे दळून टाकण्यासारखे आहे.

ते बियाणे काहींनी राखले. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याची पुस्तकांमागून पुस्तके सिद्ध केली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटविन, यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातून काम सुरू केले. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायांकडून एक लाखावर ओव्या टिपल्या गेल्या. त्यांनी आणखी एक चांगले केले: ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव लिहिले. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या क्रमाने येत आहेत, तिथे त्या ऐकताही येतात.

पण लाख ओव्यांत तुमच्या आजीची ओवी असेलच असे नाही. बिडकीनचा परिसर झपाट्याने बदलतो आहे. तिकडे गोदावरीवर जायकवाडीचे धरण 1976 साली पुरे झाले, आणि कितीतरी गावे पाण्याखाली जाऊन बाया दुसरीकडे नांदू लागल्या. इकडे औद्योगिक वसाहतीसाठी हजारो एकर शेते गेली. शेताचा मोबदला ठरतो, कागद होतो, सातबारा बदलतो. त्या शेताच्या बांधावर म्हटलेल्या गाण्याचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळणार? तो आजीच्या तोंडी आहे, आणि दळता दळता ओवी शिकलेल्या आज्या आता थकल्या आहेत.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक काम सांगते. सातवी-आठवीच्या मुलांना सुट्टीत घरच्या किंवा शेजारच्या म्हातारीकडे पाठवा. आधी तिला विचारावे, तिची मर्जी असेल तरच पुढे जावे. ओवी तिने म्हटली तशीच लिहावी. ती ‘पानी’ म्हणाली तर ‘पाणी’ करू नये, ‘व्हता’ म्हणाली तर ‘होता’ करू नये. शुद्धलेखनाचा तास वेगळा. चालीसह आवाज मोबाइलमध्ये घ्यावा, कारण चालीवाचून ओवी म्हणजे खुंट्यावाचून जाते. ओवीखाली तिचे नाव, माहेर, सासर, ती कुणाकडून शिकली, हे सारे लिहावे. तिने एखादे दुःख सांगितले आणि ‘हे लिहू नको’ म्हटले, तर वही मिटावी. आणि शेवटी तिला शाळेत बोलवून पोरांच्या तोंडून तिचीच ओवी तिला ऐकवावी.

नावाचा आग्रह का, ते सांगून थांबते. सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नव्हते, घराच्या पाटीवर नव्हते. ‘अमक्याची आई, तमक्याची सून’ एवढीच तिची ओळख राहिली. निदान तिने रचलेल्या ओवीखाली तरी तिचे नाव असू द्या.