वळिवड्याच्या छावणीतल्या बायका

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला आपल्यातल्या पुष्कळजणी जातात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं आली, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८, तिथं वळिवड्याची छावणी होती. पोलंड देशाची सुमारे ५,००० माणसं. बहुतेक बायका आणि मुलं.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला, पूर्वेकडून रशिया. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियानं घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानला नेलं. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा यांची सुटका झाली. पुरुष दोस्तांच्या बाजूनं लढायला गेले, बायका-मुलं इराणमार्गे आपल्याकडे आली.

आणि त्याच १९४३ च्या नोव्हेंबरअखेर तेहरानला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले. चर्चिलनी काडेपेटीच्या तीन काड्या मांडून दाखवलं, पोलंड कसा पश्चिमेला सरकवायचा. पूर्वेचा मुलूख रशियाला, बदल्यात जर्मनीचा थोडा पोलंडला. खोलीत पोलंडचा एकही माणूस नव्हता. आपल्या गटात सभासद हजर नसताना तिच्या नावाचा ठराव लिहिला, तर केवढा गलका होतो! रूझवेल्टनी स्टालिनला खासगीत होकार दिला, पण उघड बोलता येणार नाही म्हणाले. पुढच्या वर्षी निवडणूक होती, आणि अमेरिकेत पोलिश वंशाचे मतदार लाखांनी होते.

पुढं मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी जिंकला. त्यातल्या कितीतरी जणांची घरं त्या पूर्वेच्याच मुलखात होती.

फेब्रुवारी १९४५ ला याल्टात हद्द ठरली. सरकारही रशियानं बसवलेलंच, त्यात बाहेरचे थोडे घ्यायचे आणि मोकळ्या निवडणुका घ्यायच्या. जुलैत इंग्लंड-अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली. १९४७ ची निवडणूक झाली, तीही लबाडीची.

रशियाचं सैन्य पोलंडात होतं, मग दुसऱ्यांनी काय करायचं, असं म्हणतात. याल्टापुरतं ते आम्हाला पटतं. पण तेहरानच्या वेळी ते सैन्य पोलंडच्या जुन्या हद्दीत शिरलंही नव्हतं. शिरलं ते जानेवारी १९४४ मध्ये.

लढाई थांबल्यावर वळिवड्याच्या बायकांपुढे प्रश्न आला, परत जायचं कुठं? गाव जागेवरच होतं, देश बदलला होता. काहीजणी नव्या पोलंडला गेल्या. पुष्कळजणी सैन्यातल्या नवऱ्या-भावांमागे इंग्लंडला गेल्या.